कपेलीच्या भिंतीला सिमेंट लावण्याआधी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा ओसरला की गोव्यात बार्देश, तिसवाडी आणि सासष्टीतल्या वाड्यांवर कपेलींच्या, म्हणजे लहान ख्रिस्ती प्रार्थनास्थळांच्या, दुरुस्तीची वर्गणी सुरू होते. ३ डिसेंबरला सां फ्रान्सिस्क झेवियरचे फेस्त (सण), ८ डिसेंबरला इमॅक्युलेट कन्सेप्शनचे, ६ जानेवारीला तीन राजांचे. नोव्हेना (फेस्ताआधीची नऊ दिवसांची प्रार्थना) सुरू होण्याआधी कपेल चकचकीत दिसली पाहिजे असा सगळ्यांचा आग्रह असतो. मग कंत्राटदार जुना गिलावा खरवडून सिमेंटचा लावतो, आतून चार फुटांपर्यंत टाइल्स बसवतो, अंगणात पेव्हर टाकतो आणि वरून ॲक्रेलिक रंगाचे दोन हात देतो. हल्ली कौले उतरवून स्लॅब घालण्याचीही हौस वाढली आहे. जांभा दगड आणि चुना यांच्या इमारतीवर हे सगळे उपाय उलटतात. ते का उलटतात आणि त्यांच्याऐवजी काय करावे, हे चुन्याच्या कामाशी रोजचा संबंध असलेले आम्ही काही जण या पत्रात मांडत आहोत. पत्र लांबले आहे, पण दुरुस्तीची कृती अर्धवट सांगून चालत नाही.

कपेल कशी उभी राहिली हे आधी पाहू, कारण तिची बांधणी त्यातूनच समजते. पोर्तुगीजांकडे १५४३ मध्ये बार्देश आणि सासष्टी गेल्यावर बार्देशात फ्रान्सिस्कन आणि सासष्टीत जेझुइत पाद्री आले, आणि त्या शतकाच्या उत्तरार्धात गावोगाव चर्च उभी राहिली. त्याच काळात तिथली देवळे पाडली गेली. कुठ्ठाळीचा मंगेश आणि केळशीची शांतादुर्गा नदी ओलांडून अंत्रूज महालात (आजच्या फोंडा भागात) गेली ती याच काळात. हा इतिहास झाकण्यासारखा नाही आणि कपेलीबद्दल बोलताना तो टाळताही येत नाही. गावचे चर्च एकच, पण गाव लांबट, मध्ये खाजने (खाडीकाठच्या सखल जमिनी), ओहोळ, शेते. जूनपासून चार महिने त्या चर्चपर्यंत पोचायचे म्हणजे चिखल तुडवत जायचे. त्यामुळे वाड्यावाड्यावर लहान प्रार्थनास्थाने झाली. कुठे आधी नुसता खुरीस (क्रूस) होता, त्यावर छप्पर आले, मग भिंती आल्या. चर्चला स्वतःचा विगार (मुख्य पाद्री) असतो, बाप्तिस्म्याचे कुंड असते, जन्म-लग्न-मृत्यूच्या नोंदवह्या असतात. कपेलीला यातले सहसा काही नसते. फेस्ताला आणि ठरलेल्या दिवशी मिस (पाद्रीने करायची मुख्य उपासना), एरवी लदीन (लोकांनी मिळून म्हणायची प्रार्थना), आणि किल्ली शेजारच्या एखाद्या घरात. जेझुइतांना १७५९ मध्ये हाकलले गेले, पाद्रींचे बाकीचे संघ १८३५ मध्ये बंद झाले, आणि त्यानंतर कपेली सांभाळल्या त्या इथल्याच पाद्रींनी, कोंफ्रारियांनी (चर्चच्या सेवेसाठीच्या स्थानिक मंडळांनी) आणि वाड्यावरच्या लोकांनी. म्हणून बांधकामात भपका कमी आणि गवंड्याची अक्कल जास्त दिसते.

रचना बहुतेक ठिकाणी सारखी. एकच आयताकृती दालन, त्याच्या टोकाला थोडी अरुंद आणि एखादी पायरी उंच अशी वेदीची जागा, बाजूला साक्रिस्तीची (पूजेचे कपडे आणि सामान ठेवण्याची) खोली. दालनावर लाकडी छप्पर आणि कौले. वेदीच्या वर मात्र ऐपत असेल तिथे चिऱ्याचे (जांभ्याच्या घडवलेल्या दगडाचे) कमानदार छत. प्रवेशाच्या वर लाकडी माडी, तिथे गाणारे उभे राहतात. दर्शनी भिंत छपराच्या वर चढवून तिला त्रिकोणी किंवा वेटोळ्यांचा माथा दिलेला, त्यात घंटेसाठी कमान. समोरची ओसरी पुष्कळदा नंतरची, पण पावसाच्या माऱ्यापासून दर्शनी भिंत आणि दार वाचवणारी. भिंती दोन-अडीच फूट जाड. दर्शनी भिंतीवर उठवलेले अर्धे खांब, कणी (आडव्या पट्ट्या), फुले हे सगळे चुन्यात हाताने घडवलेले. अठराव्या शतकात फोंड्याची देवळे नव्याने बांधली गेली तेव्हा हेच अर्धे खांब आणि हाच चुना तिकडे गेला. पुढे जे लिहिले आहे ते त्यामुळे देवळांनाही लागू पडते.

कपेलीचे वय दारावर कोरलेल्या सालावरून ठरवू नये. ते साल बांधणीचे असेल, ओसरीचे असेल किंवा एखाद्या मोठ्या दुरुस्तीचेही असेल. जुने गोवे येथील सेंट कॅथरिनची कपेल घ्या. मूळ कपेल १५१० ची, १५५० मध्ये गव्हर्नर जॉर्ज काब्रालने ती वाढवून बांधली, आणि आज दिसते ती १९५२ मध्ये पुन्हा उभारलेली. कौलांवरचा शिक्का तर हमखास फसवतो. मंगळूरच्या बासेल मिशनच्या कौलांवर १८६५ असते. ते कारखान्याच्या स्थापनेचे साल आहे, कौल भाजल्याचे नव्हे. शिक्क्यात कॉमनवेल्थ ट्रस्टचे (मिशनचे कारखाने पुढे चालवणाऱ्या कंपनीचे) नाव असेल तर कौल पहिल्या महायुद्धानंतरचे. मंगळुरी कौले येण्याआधी छपरावर नळीची कौले होती. माथ्याच्या भिंतीच्या आतल्या बाजूला जुन्या पाख्याची तिरपी खूण दिसली तर ती पुसू नका, फोटो काढून ठेवा. कपेलीचा इतिहास कागदांपेक्षा अशा खुणांत जास्त सापडतो, आणि खरवडण्याच्या पहिल्याच दिवशी तो जातो.

आता दगडाकडे वळू. जांभा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, हवेत वाळला की घट्ट होतो. त्यात लोखंड आणि ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडे असतात आणि तो सच्छिद्र असतो. भारतीय मानक ३६२० मध्ये चांगल्या चिऱ्याची ताकद चौरस मिलिमीटरला किमान ३.५ न्यूटन आणि पाणी शोषण्याची मर्यादा वजनाच्या १२ टक्के धरली आहे. ही चांगल्या दगडाची गोष्ट झाली; जुन्या भिंतीत दोन चिरे सारखे नसतात. दगड भिजला की ताकद उतरते. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणून जुन्या गवंड्यांनी चिरा कधी उघडा ठेवला नाही. चुन्याचा गिलावा भिंतीऐवजी झिजतो, त्यासाठीच तो असतो.

उघड्या चिऱ्याची आवड अलीकडची आहे. जुने गोवे येथील बॉम जेझू बासिलिकेचे बांधकाम १५९४ मध्ये सुरू झाले आणि १६०५ मध्ये तिचे पवित्रीकरण झाले. तिच्या बाहेरच्या भिंतींवर गिलावा होता. १९५० च्या दशकात पोर्तुगीज वास्तुतज्ज्ञ बाल्ताझार कास्त्रो यांच्या कामात तो काढला गेला. आज पर्यटकाला तो तांबडा दगडच अस्सल वाटतो, आणि तो पाहून वाड्यावरची समिती आपल्या कपेलीचाही गिलावा काढून चिऱ्यावर पारदर्शक सिलिकॉन मारते. लेप वरून येणारे पाणी थोडे दिवस अडवतो. जमिनीतून आणि सांध्यांतून आत आलेल्या पाण्याला मात्र तो बाहेर पडू देत नाही.

सिमेंटची अडचणही तीच, फक्त मोठ्या प्रमाणावर. जाड भिंतीला पायातून ओल चढतेच. जुन्या कपेलींना जोत्यात ओल अडवणारा थर नसतो आणि पुष्कळ भिंतींच्या आतले दर्जे (दगडांमधले सांधे) मातीचे असतात, चुना फक्त बाहेरच्या तोंडाला. चुन्याच्या गिलाव्यातून ही ओल वाऱ्याने सुकते आणि भिंतीत तिची एक ठरावीक उंची राहते. खाली चार फूट टाइल्स किंवा सिमेंट लावले की सुकायची जागा तेवढी वर सरकते, आणि ओल तिथवर चढते. म्हणून टाइल्स लावल्यावर दोन पावसाळ्यांत त्यांच्या वरच्या कडेला लोणा (मिठाची पांढरी भुकटी) दिसतो. लोक म्हणतात टाइल्स कमी उंच लावल्या, आणि पुढच्या खेपेला सहा फूट लावतात. पाण्याबरोबर मीठ असते. किनाऱ्याजवळ ते हवेतून येते, जमिनीतून येते, खुद्द सिमेंटमधूनही येते. पाणी सुकते तिथे मिठाचे स्फटिक होतात. चुना असेल तर ते गिलाव्यात होतात आणि गिलावा झडतो. सिमेंट असेल तर त्याच्या मागे, चिऱ्याच्या तोंडाशी होतात आणि चिराच भुसभुशीत होतो. शेवटी सिमेंटचा पापुद्रा सुटून येतो तेव्हा मागे चिऱ्याचा इंचभर थर चिकटलेला असतो. शिवाय सिमेंट ताठ आणि जुनी भिंत थोडी हलणारी. केसाएवढी चीर पडते, त्यातून पाऊस आत शिरतो, आणि आत गेलेल्या पाण्याने मातीचे दर्जे धुपतात.

त्यामुळे दुरुस्तीची सुरुवात गिलाव्यापासून करू नये, पाण्यापासून करावी. भर पावसात एकदा छत्री घेऊन कपेलीभोवती फिरावे. वळचणीच्या पागोळ्या कुठे पडतात, किती उंच शिंतोडे उडतात, पाणी कुठे तुंबते, हे भिंतीवरच्या हिरव्या पट्ट्यासह कागदावर उतरवावे. रस्त्याकडेच्या कपेलींचा नेहमीचा रोग असा की डांबराचे थर चढत चढत रस्ता जोत्याच्या वर गेलेला असतो. बाहेरची जमीन आतल्या जमिनीपेक्षा निदान सहा इंच खाली हवी. भिंतीला चिकटलेले पेव्हर आणि काँक्रीट दीड-दोन फूट रुंदीचे काढून टाकावे. पागोळ्या पडतात त्या रेषेत फूटभर रुंद चर खणून त्यात खडी भरावी आणि चराला एका दिशेला उतार द्यावा; शंभर फुटांना एक फूट पुरतो. चर पायाच्या तळापेक्षा खोल नको. कपेलींचे पाये उथळ असतात, आणि उत्साहाने तीन फूट खणून भिंत खचवल्याची उदाहरणे आहेत. आतल्या जमिनीवर ग्रॅनाइट घालू नये. सगळी ओल भिंतींकडे ढकलण्याचा तो खात्रीचा मार्ग आहे.

हे झाल्यावर निदान एक कोरडा हंगाम थांबावे. निम्म्या तक्रारी तेवढ्याने कमी होतात.

आधी लागलेले सिमेंट काढायचे असेल तर ब्रेकर मशीन वापरू नका. भिंत लाकडी हातोडीने ठोकत जावी. पोकळ आवाज येतो तिथून रुंद छिन्नीने, भिंतीला समांतर धरून, गिलावा उचकटावा. जिथे सिमेंट घट्ट धरून आहे तिथे सध्या राहू द्यावे, कारण ओढून काढले तर दगडाचे तोंड त्याच्याबरोबर येते. उघडी झालेली भिंत कोरड्या ब्रशने झाडावी आणि खाली पडलेली पांढरी भुकटी गोळा करून दूर टाकावी, नाहीतर पहिल्या पावसात ते मीठ पुन्हा जोत्यात जाते. लोणा फार असेल तर साध्या कागदाचा लगदा गोड्या पाण्यात भिजवून पाऊण इंच जाड थापावा, पूर्ण वाळू द्यावा आणि सोलून फेकावा. दोन-तीन वेळा करावे लागते. दोन बोटांपेक्षा जास्त खोल झिजलेला चिरा चार ते सहा इंच आत कापून नवा बसवावा. नवा चिरा खाणीतून आल्या आल्या वापरू नये. एक पावसाळा खाऊ द्यावा. कच्चा दगड त्यातच उघडा पडतो. दर्जात भरायचा माल चुन्याचाच.

चुना दोन प्रकारे मिळतो. कळीचा (भाजलेला, पण न विरवलेला) चुना, मग तो दगडाचा असो की शिंपल्यांचा, ताजा असेल तर सर्वांत चांगला. हवेत पडून पीठ झालेला घेऊ नये. विरवताना आधी पाणी आणि मग त्यात थोडा थोडा चुना, उलटे कधीही नाही. पाणी उकळते आणि उडते. डोळ्यांवर चष्मा आणि हाताला खोबरेल हवे, जवळ स्वच्छ पाण्याची बादली हवी, आणि प्लॅस्टिकचे टब नकोत, ते वितळतात. ढवळून, जाळीतून गाळून, खड्ड्यात किंवा पिंपात वर चार बोटे पाणी राखून मुरत ठेवावा. तीन आठवडे ही कमीत कमी मुदत. तीन महिने मुरला तर माल लोण्यासारखा होतो. दुकानात पिशवीत मिळणारी चुन्याची पावडर नाइलाजाने चालते, पण तीही आधी काही दिवस भिजवावी लागते, आणि जुनी पिशवी बिनकामाची. चमचाभर पावडरीवर व्हिनेगर टाकून पाहावे. जोरात फसफसले तर चुन्याचा खडू झालेला आहे. रंगवाले ज्याला वॉल पुट्टी म्हणतात ती पांढऱ्या सिमेंटची असते, ती यात घालू नये.

वाळू नदीची, धुतलेली, बारीक आणि जाड कण मिसळलेली. नदीची वाळू मिळेनाशी झाली आहे, तेव्हा दगडाची चुरी धुळीविना धुऊन घ्यावी. समुद्राची वाळू कितीही धुतली तरी नको. बाहेरच्या पहिल्या थराला एक भाग चुना, दोन भाग वाळू, एक भाग सुरखी. सुरखी कमी भाजलेल्या विटांची, स्वतः कुटून चाळलेली. बाजारच्या विटांच्या भुकटीत मातीच जास्त असते. सुरखीने चुना ओलीतही धरतो, म्हणून जोत्याच्या भागात ती सोडू नये. गूळ आणि हिरड्याचे पाणी घालण्याची पद्धत आपल्याकडे आहे आणि तिचा उपयोगही होतो, पण प्रमाण थोडेच हवे. गूळ जास्त झाला की गिलावा उशिरा धरतो आणि मुंग्या लागतात. पाणी मालात ओतू नये, मळून मऊ करावा. पूर्वी चुना मळायची घाणी होती. आता पॅन मिक्सर चालतो, फिरत्या ड्रमच्या मिक्सरमध्ये गोळे होतात.

शंभर चौरस मीटर भिंतीला एकूण २० मिलिमीटर जाडीचा गिलावा म्हणजे दोन घनमीटर माल. वाया जाणारा धरून २.४ घनमीटर वाळू-सुरखी आणि पाऊण ते एक घनमीटर मुरलेला चुना लागतो. एवढ्यासाठी साधारण ४०० ते ५०० किलो चांगला कळीचा चुना विरवावा लागेल. हे आकडे अंदाजपत्रकाशी ताडून पाहावेत. चुना शंभर किलो आणि सिमेंट वीस पिशव्या असे दिसले तर काम कशाचे होणार ते उघड आहे. थोडे सिमेंट घातल्याने चुना लवकर धरतो, असे गवंडी सांगतात. लवकर धरतो हे खरे, पण पुढे तो ना धड चुना राहतो ना सिमेंट.

भिंत आदल्या दिवशी आणि त्याच सकाळी भिजवावी, पण वर पाणी चमकता कामा नये. पहिला थर १२ मिलिमीटर, थापीने फेकून मारलेला. बोटाच्या नखाने ओरखडा पडतो पण बोट रुतत नाही अशा वेळी आडव्या-उभ्या रेघा ओढाव्यात. पहिल्या दोन दिवसांत बारीक भेगा दिसतात. त्या नव्या मालाने भरू नयेत, लाकडी थापीने ठोकून मिटवाव्यात. दुसरा थर ६ मिलिमीटर, आठवडाभराने. शेवटी २ मिलिमीटरचा संदला (बारीक चुन्याचा गुळगुळीत थर). प्रत्येक थरावर ओले गोणपाट टांगावे, सात ते चौदा दिवस, दिवसातून तीन-चार वेळा पाणी शिंपडून. चुना वाळून घट्ट होत नाही, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन होतो, आणि त्याला ओलावा लागतो. उन्हात एका दिवसात वाळलेला गिलावा हात फिरवला की पिठासारखा निघतो. थर आतपर्यंत धरला की नाही हे पाहायचे असेल तर छोटा तुकडा मोडून फिनॉल्फ्थेलिनचा थेंब टाकावा; गुलाबी झाला तर आत अजून कच्चा आहे.

वर रंग म्हणून चुन्याची सफेदीच. मुरलेला चुना एक भाग, पाणी चार भाग, फडक्यातून गाळून पातळ दुधासारखा. ओला असताना हा थर पारदर्शक दिसतो, पांढरा होतो तो सुकल्यावर. नवा रंगारी इथे घाबरतो आणि घट्ट कालवतो, मग फेस्ताला येणाऱ्या सगळ्यांच्या काळ्या कोटांवर चुना लागतो. पातळ चार-पाच हात, दोन हातांमध्ये एक दिवस, दर वेळी भिंत आधी ओलसर. रंगछटा हवी असेल तर गेरू किंवा पिवळी माती, चुन्याच्या वजनाच्या दहाव्या भागाच्या आत. सिंथेटिक गोंद घालायचा नाही, त्याने छिद्रे बुजतात. सफेदी दर दोन वर्षांनी करावी लागते, हे खरे. ॲक्रेलिक रंगाची हमी त्याहून लांब असते. पण ॲक्रेलिक दोन-तीन हात झाले की तो खरवडण्याची मजुरी आणि खाली सडलेला गिलावा यांचा खर्च त्या हमीत कोणी लिहीत नाही.

इथे वेळापत्रकाचा मुद्दा येतो, आणि आमच्या मते सगळ्यात जास्त नुकसान त्यातच होते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात भिंत पावसाने पोटातून भिजलेली असते. नेमके तेव्हाच फेस्तासाठी घाईने तिच्यावर सिमेंट आणि प्लॅस्टिक रंग चढतो. फेस्ताआधी झाडलोट, दारा-खिडक्यांचे तेलपाणी आणि भिंतीला सफेदीचा एखादा हात एवढेच करावे. सफेदी ओलसर भिंतीवरही चालते. गिलाव्याचे काम डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत. एप्रिल-मे मध्ये ऊन फार, पण परदेशांतून आणि मुंबईच्या कुडांतून (गोव्याच्या गावकऱ्यांच्या सामाईक बिऱ्हाडांतून) माणसे सुट्टीला येतात ती तेव्हाच, आणि देणग्याही तेव्हाच जमतात. जमलेले पैसे सहा महिने बँकेत राहिले तर काही बिघडत नाही. मे महिन्यात करण्याजोगे काम छपराचे.

छपरावर कौले परतणे हे दर वर्षीचे काम आहे आणि कपेलींच्या बाबतीत तेच आधी विसरले जाते. कौलावर पाय द्यायचा तर रिपेच्या वर, आणि फळी टाकून. कौल फुटले तर त्याच शिक्क्याचे जुने शोधावे. दोन कारखान्यांच्या खाचा एकमेकांत नीट बसत नाहीत. वाशांची टोके भिंतीत जिथे शिरतात तिथे टोच्याने टोचून पाहावे. टोच्या इंचभर सहज गेला तर टोक कुजले आहे. सगळा वासा बदलण्याची गरज नसते. कुजका भाग कापून जुन्याच जातीच्या लाकडाचा तुकडा तिरप्या जोडाने बसवता येतो. टोकाभोवती हवा खेळायला बोटभर फट ठेवावी, ती सिमेंटने बुजवू नये. माथ्याच्या भिंतीत पिंपळ उगवला असेल तर उपटू नका. खोड कापावे, कापावर लगेच तणनाशकाचा ब्रश फिरवावा, मुळे मेल्यावर पोकळीत पातळ चुना-सुरखी भरावी.

स्लॅबबद्दल साधा हिशेब. ६ मीटर रुंद, १२ मीटर लांब दालन म्हणजे ७२ चौरस मीटर. चार इंची स्लॅब चौरस मीटरला २५० किलो, म्हणजे एकूण १८ टन, वरचे वॉटरप्रूफिंग वेगळे. मंगळुरी कौले, रिपा, वासे मिळून तिरप्या पाख्याच्या चौरस मीटरला साधारण ६५ किलो. सगळे छप्पर सहा-सात टन. मातीच्या दर्जांच्या भिंतीवर एवढा वाढीव भार टाकायचा, आणि तो स्लॅब उन्हाने रोज फुगणार-आखडणार. भिंतीच्या माथ्याखाली दोन्ही बाजूंनी आडवी चीर पडते ती त्यानेच. खाऱ्या हवेत आतली सळई गंजू लागली की तुकडे खाली पडतात. खालच्या माडीवर मुले गात असतात.

खिडक्यांना जुन्या कपेलींत काचा नव्हत्या. चपट्या शिंपल्याचे चौकोन कापून लाकडी पट्ट्यांच्या खाचांत सरकवलेले असत. उजेड मऊ येतो, पाऊस येत नाही, एक फुटला तर एकच बदलता येतो. हा शिंपला आज कायद्याने संरक्षित आहे, त्यामुळे झुआरीच्या खाडीतून काढून आणण्याचा विचार करू नये. जुनी घरे पाडली जातात तिथल्या खिडक्या सांगून ठेवून मिळवाव्यात. ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसवून जुन्या भंगारात देणाऱ्यांनी त्या निदान शेजारच्या कपेलीला द्याव्यात.

वेदीमागची लाकडी मखर हा सगळ्यात नाजूक भाग. खाली खडू आणि सरसाचा लेप, त्यावर तांबडी माती, त्यावर सोन्याचा वर्ख, असे थर असतात. मळलेला वर्ख पाहून वरून सोनेरी रंग फासतात. तो रंग पितळी भुकटीचा असतो. काही वर्षांत काळपट हिरवा पडतो आणि काढताना खालचे सोने घेऊन जातो. ओल्या फडक्याने पुसणेही नको, सरस विरघळतो. मऊ कोरडा ब्रश एवढेच घरच्यांनी करावे, पुढचे जाणकाराचे काम. मखर मागच्या भिंतीला टेकलेली असेल तर टॉर्च लावून मागे पाहावे. वाळवीची मातीची नळी बहुधा तिथूनच वर चढते. मागे हात जाईल एवढी जागा मोकळी ठेवावी. मेणबत्त्यांची खोकी, जुने हार आणि फेस्ताचे पडदे तिथे कोंबू नयेत.

वाड्यावरच्या बहुतेक कपेली कुठल्याही संरक्षित यादीत नाहीत. निर्णय घेते ती समिती, विगार संमती देतो, आणि रक्कम देणारा आपले नाव संगमरवरावर पाहू इच्छितो. चराच्या खडीवर कोणाचे नाव कोरता येत नाही, म्हणून चराला देणगी मिळत नाही. समितीने तो खर्च आधी सर्वसाधारण निधीतून काढून ठेवावा. अंदाजपत्रक मागवताना त्यात पुढील गोष्टी लेखी असाव्यात: पाण्याच्या निचऱ्याचे काम गिलाव्याच्या आधी, चुना किती किलो आणि किती दिवस मुरवलेला, प्रत्येक थराची जाडी, गोणपाट ओले ठेवण्याची मजुरी वेगळी, काढलेल्या जुन्या गिलाव्याचा आणि कौलांचा नमुना कपेलीत ठेवणे, आणि कामाआधी चारही भिंतींचे आत-बाहेरून फोटो. कंत्राटदाराला आधी मागच्या भिंतीवर एक मीटर बाय एक मीटरचा नमुना करायला सांगावा. तो एक महिना पाहावा, नखाने ओरखडून, ठोकून. नमुना पसंत पडल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नये.

आपले,
चुन्याच्या बांधकामाशी संबंधित काही वाचक,
बार्देश